मास्तरांनी काढलेला अपघात

साडवाबद्दल मास्तरांच्या मनात काडीचीही असूया नव्हती. फक्त त्याचं नाव निघालं की चहा कडू लागायचा, इतकंच!

महिन्यापूर्वी साडवाच्या गाडीला कुणीतरी धडक दिली होती. त्याने म्हणे गाडी जागची हलवली नाही, फोटो काढले, साक्षीदारांचे नंबर घेतले, पोलिसांना आणि विमावाल्यांना कळवलं, आणि 'माझं चुकलं' असं चुकूनही म्हटलं नाही. तेव्हापासून सासरेबुवा आल्यागेल्याला ऐकवत, "अपघात व्हावा तर धाकट्या जावयासारखा!"

"वीस वर्षं गाडी चालवतोय," मास्तर बायकोपाशी कुरकुरले, "एक साधा अपघात नशिबी नाही! होऊ दे, मग दाखवतो!"

पेशाने चित्रकलेचे शिक्षक. खडू, टेप आणि वही त्यांनी गाडीत तयारच ठेवली.

रविवारी सासऱ्यांच्या फाटकातून गाडी मागे घेताना धाडकन आवाज झाला. मागे साडवाची गाडी उभी!

सगळं घर बाहेर धावलं. साडू नेहमीसारखा शांत. "जाऊ द्या हो मास्तर! माझीच गाडी जरा वाकडी लागली होती. चूक माझी."

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे इथेही मोठेपणा यानेच घ्यायचा?

"खबरदार! चूक कबूल करायची नसते, तुम्हीच सांगत होतात ना? कुणी काही हलवायचं नाही!"

"अहो, ते सोडून देतायत तर..." बायको पुटपुटली.

"तू साक्षीदार आहेस. विचारल्याशिवाय बोलू नकोस!"

मास्तरांनी चाकांभोवती खडू फिरवला, टेप लावली, चाळीस फोटो काढले आणि वहीत मोजूनमापून नकाशा रेखाटला. मग विजयी मुद्रेने जाहीर केलं, "यांची गाडी भिंतीला अगदी समांतर! बोटभरसुद्धा वाकडी नाही!"

"मग चुकलं कोणाचं?" सासूबाईंनी विचारलं.

मास्तरांनी वहीत पाहिलं. त्यांच्याच गाडीचा बाण, लाल पेन्सिलीने ठसठशीत रंगवलेला, थेट साडवाच्या गाडीच्या दारात घुसला होता.

"ते... ते ठरवणं आपलं काम नाही," मास्तर बारीक आवाजात म्हणाले.

सासरेबुवांनी चष्मा लावून वही हातात घेतली. "वा, जावईबापू! काय हात आहे! धाकट्याला नुसते फोटो जमतात!"

वीस वर्षांतलं पहिलं कौतुक! मास्तरांचे कान तांबडे झाले.

साडवाने घसा खाकरला. "मग... विम्यासाठी याची एक प्रत मिळेल?"

"प्रत कशाला? मूळच घ्या!" म्हणत मास्तरांनी खाली झोकदार सही ठोकली.