आक्काबाईच्या कुंडीतली ओल

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही यावं, कारण ही गोष्ट मोठ्यानं सांगण्यासारखी नाही. बुवा आख्यानाला हात घालतात तेव्हा कान देता ना, तसे द्या. गोष्ट एका कुंडीची आहे. तिला कुणी पाणी घालत नव्हतं आणि तिची माती वाळत नव्हती.

पारनेरच्या बाजारतळामागे, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर राधाकृष्ण नाना राहतात. गळ्यात माळ, कपाळी बुक्का, आणि आसपास कुठेही टाळ वाजला की नाना पहिल्या रांगेत. नोकरी झाली दूध संकलन केंद्रावर. दुधात पाणी घालून आणणाऱ्या भल्याभल्यांना नानांनी नुसत्या वासावर पकडलं होतं, असं लोक सांगत. म्हणजे नानाच सांगत आणि लोक ऐकून घेत.

नानांची थोरली बहीण आक्काबाई. लवकर विधवा झाली, तेव्हापासून भावाकडेच होती. जिभेनं तिखट, मनानं लोणी. तिनं हॉलमध्ये तिवईवरच्या कुंडीत मनी प्लँट लावला होता. देवाधर्माच्या घरात पैशाचं झाड कशाला, म्हणून ती त्याला नुसती ‘येल’ म्हणायची. सुतळी बांधून, खिळे ठोकून तिनं ती वेल दारावरून, घड्याळाभोवतून पार खिडकीपर्यंत नेली होती. शेवटच्या आजारात तिनं सगळ्यांना जवळ बोलावलं, नेहमीसारखं नानांच्या हातून तीर्थ घेतलं आणि म्हणाली, “राधू, येल वाळू देऊ नगं. मी तिथंच हाय असं समज.”

हे नानांनी ऐकलं, त्यांच्या पत्नी मालनबाईंनी ऐकलं, सून राजनंदिनीनं ऐकलं. शेजारच्या निवृत्त शिक्षिका हेलनबाई उशाशी बसल्या होत्या, त्यांनीही ऐकलं. वेलीची पहिली फांदी त्यांच्याच घरून आली होती. आक्काबाई गेली, तिचा फोटो तिवईच्या मागच्या भिंतीवर लागला, फोटोला बारीकसा दिवा लागला. आणि ‘मी तिथंच हाय’ हे शब्द घरात राहिले.

वर्ष सरत आलं. पहिल्या पुण्यस्मरणाला आदिनाथ महाराजांचं कीर्तन ठरलं, तेही त्याच हॉलमध्ये, आक्काच्या वेलीखाली. आणि नेमकी तेव्हाच चिलटं आली.

काळी, बारीक, तिळाच्या टरफलाएवढी. कुंडीजवळून कुणी गेलं की मातीतून धूर निघावा तशी वर यायची. वरणात पडायची, बोलणाऱ्याच्या तोंडात शिरायची. वेलीची पानंही पिवळी पडू लागली. वारा नसताना एखादं पान सुटायचं आणि फोटोसमोर येऊन पडायचं. एका दुपारी राजनंदिनी हॉल झाडत होती. पडदे ओढलेले, फोटोचा दिवा तेवढा चालू. तिनं सहज वर पाहिलं आणि केरसुणी तिथंच टाकून ती स्वयंपाकघरात आली. तोंडावर रक्त नव्हतं.

“नाना, आत्याचे ओठ हालत्यात,” ती म्हणाली.

नाना गेले, मालनबाई गेल्या. काचेमागे आक्काबाईचे ओठ खरंच हलत होते. काही सांगावं आणि ऐकणाऱ्याला ऐकू येऊ नये, तसे. मालनबाईंनी पदर तोंडाला लावला. नानांनी नामस्मरण करत दोन पावलं पुढं टाकली आणि फुंकर मारली. दिव्याच्या उजेडाला काचेवर गोळा झालेली चिलटं उडाली आणि ओठ स्थिर झाले. घरात हायसं वाटायला हवं होतं, पण कुणालाच वाटलं नाही. चिलटांना बसायला तेवढीच जागा सापडावी काय?

नानांनी कृषी सेवा केंद्रातल्या सुनीलला गाठलं. त्यानं सरळ सांगितलं, की हे किडे ओल्या मातीत अंडी घालतात, अळ्या वरच्या थरात मुळं खातात. माती बोटभर खोल वाळू द्या, वर कोरडी वाळू पसरा, पिवळे चिकट कागद टांगा. पाणी बंद केलं की वंश संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ, देवपूजा, आक्काच्या नावाचं तीर्थ वेलीच्या मुळाशी, मग चहा, मग पेपर, असा नेम आटोपून नानांनी कुंडीत वाळू पसरली आणि घरातल्या बायकांना समोर उभं केलं.

“आजपासनं या कुंडीत पान्याचा थेंब पडता कामा न्हाई. कीर्तनाच्या दिवशी इथं एक चिलट दिसलं तर माळ घातलेला मानूस म्हनू नका मला. उभ्या जन्मात दुधातलं पानी धरलं मी. कुंडीतलं धरायला काय लागतंय?”

मालनबाई म्हणाल्या, घालतंय कोन पानी? राजनंदिनीनंही मान हलवली.

संध्याकाळी नानांनी वाळूत बोट घातलं. बोट ओलं निघालं.

दुसऱ्या दिवशीही ओलं. तिसऱ्या दिवशी वाळू काळीभोर दिसायला लागली. नानांनी एकेकीला बाजूला घेऊन विचारलं. दोघींनी आक्काच्या फोटोकडे न बघता नाही म्हणून सांगितलं. हेलनबाई दुपारी बसायला येत, त्यांना विचारलं तर त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. पण नानांना पटलं, कारण तिघींच्याही चेहऱ्यावर भीती खरी होती.

मग दुपारच्या सामसुमीत तो आवाज ऐकू येऊ लागला. कुंडीखालच्या ताटलीत... टप. बऱ्याच वेळानं पुन्हा... टप. आणि वास. ओल्या मातीचा, त्यात थोडा आंबट, थोडा गोड. दुधाच्या हजार किटल्या हुंगलेल्या नाकाला तो ओळखीचा वाटायचा, पण नाव सापडायचं नाही. नानांना जेवण जाईना. आक्काला तहान लागली होती का? हयातीत तिला काही कमी पडलं होतं का? पानं तर गळतच होती. वेल गेली तर आक्काला दिलेला शब्द गेला, आणि ‘मी तिथंच हाय’ म्हणणारी मग जायची कुठं?

एकदा त्यांना हॉलमधून पुटपुटणं ऐकू आलं. “घे गं बाई, घोटभर घे.” नाना धावत गेले तर हॉल रिकामा. स्वयंपाकघरात मालनबाई तांदूळ धूत होत्या आणि त्यांनी तर काहीच ऐकलं नव्हतं. नानांच्या अंगावर काटा आला तो जेवणापर्यंत उतरला नाही.

कीर्तनाचा दिवस उजाडला. नानांनी झेंडूच्या माळांमध्ये पिवळे चिकट कागद असे बेमालूम टांगले, की मांडवाची शोभा वाटावी. हॉल माणसांनी भरला. मृदंगावर थाप पडली, पेटीनं सूर धरला आणि आदिनाथ महाराज उभे राहिले. काय तो आवाज! पहिल्याच ‘विठ्ठल’ला डोळे भरून आले. दुसऱ्या ‘विठ्ठल’ला महाराजांनी तोंड उघडलं आणि एक चिलट आत गेलं. महाराज मुरलेले. त्यांनी ते गिळलं आणि समेवर आले. पण मग एकाचे चार झाले. महाराज ओठ मिटूनच गाऊ लागले. लोकांना वाटलं, भाव दाटलाय.

बाराच्या ठोक्याला पुष्पवृष्टी. महाराजांनी आक्काबाईचं नाव घेतलं, सगळ्यांनी फोटोवर फुलं उधळली, आणि फोटोवर बसलेली सगळीच्या सगळी चिलटं एकदम उठली. पाहणाऱ्यांना दिसलं ते असं, की आक्काबाईचा चेहरा काचेतून सुटला आणि हॉलमध्ये पुढं आला.

मृदंग थांबला. कुणी हललं नाही. महाराज मात्र दोन पावलं मागं सरले, तर डोक्याला मागून कुणीतरी धरलं. त्यांच्या फेट्याचा शेमला चिकट कागदाला चिकटला होता. त्यांनी हिसका दिला. कागद वेलीला गुंतलेला, वेल खिळ्यांना. खिळे एकामागून एक सुटले आणि ती लांबलचक वेल सळसळत बसलेल्या बायकांच्या डोक्यांवर उतरली. मग जो आरडाओरडा झाला तो बाजारतळापर्यंत गेला. त्या गडबडीत तिवई कलली आणि कुंडी फुटली.

माती नव्हतीच ती, चिखल होता. काळं पाणी सतरंजीवर पसरलं, आणि पाण्याबरोबर जे होतं ते सगळ्यांच्या समोर येऊन थांबलं.

महाराजांनी वाकून पाहिलं. आधी तांदळाची कणी दिसली. मालनबाई रडायलाच लागल्या. रोज तांदूळ धुतलेलं पाणी फक्त भांडंभर, एवढंच घालायच्या त्या. ती तिथं हाय म्हनली होती ना, तिला उपाशी कसं ठेवायचं? मग चहाची पत्ती दिसली. राजनंदिनीनं मान खाली घातली. आत्याचा दुपारचा चहा तिनं एकदाही चुकवला नव्हता. मग पांढरी टरफलं दिसली.

“अंड्याची आहेत,” हेलनबाई म्हणाल्या. “खत म्हणून. आणि तांब्याभर पाणी. माझ्या घरची पोर आहे ती, भाऊ.”

नानांचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला आणि तिथंच राहिला. प्रत्येकीला वाटत होतं, आपण तर घोटभरच घालतो, मग एवढी ओल येते कुठून? म्हणून जी ती खरोखर घाबरली होती.

आता नानांना कंठ फुटला. दुधातलं पाणी पकडणारा माणूस तो. बायकांनी मिळून त्याची वेल बुडवली, असं काहीसं ते बोलू लागले. महाराजांनी हात वर करून त्यांना थांबवलं. चिखलातून त्यांनी बोटानं काहीतरी उचललं आणि नानांसमोर धरलं. कुजलेली तुळशीची पानं. अक्षता. आंबटगोड वास आला आणि नानांच्या नाकाला त्याचं नाव आठवलं. पंचामृत.

“हे कुनाचं म्हनायचं, नाना?”

नाना तुळशीच्या पानांकडे बघत राहिले.

“ते पानी न्हाई, महाराज,” नाना म्हणाले. “ते तीर्थ हाय. ताम्हनभर.”

आधी हेलनबाई हसल्या. मग सगळेच. नाना सर्वांत शेवटी हसले, आणि हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. महाराजांनी वेलीच्या धड राहिलेल्या फांद्या खुडल्या आणि प्रसादासारख्या घरोघर वाटल्या. आज आक्काबाईची वेल पारनेरात कितीतरी खिडक्यांत आहे. नानांकडची पुन्हा दारापर्यंत पोचली. आता आक्काच्या वाटणीचं तीर्थ नाना स्वतःच घेतात. चिलटं गेली, फोटोतले ओठ हलायचे थांबले. मालनबाई मात्र कधी कधी म्हणतात, हलायचे ते बरं वाटायचं.

तेव्हा एवढं करा. घरच्या कुंडीला पाणी घालायला जाल, तर आधी मातीत बोट घाला. ओली लागली तर हात आवरा, आणि पाण्याऐवजी आमच्या आक्काबाईची नुसती आठवण काढा. तेवढ्यानं तिची तहान भागते.