दोन उजवे पाय

डोमाकाका घरात शिरताना पाय काढून दाराबाहेर चपलांच्या रांगेत ठेवायचे. उजवा, गुडघ्याखालचा, मोज्यासकट. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातली दह्याची वाटी खाली पडली. आतून काका ओरडले, "घाबरू नको वो डाक्टरीनबाई, मी आतच आहो. पूरा नाई, पन आहो!"

डॉक्टरीण मी नव्हते. कृत्रिम हातपाय बनवण्याचं शिक्षण घेत होते आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी बालाघाटला घरी आले होते. शिबिरात मिळालेले पाय लोक किती वेळ वापरतात, वापरत नसतील तर का, हा विषय. यादीत पहिलं नाव शेजारच्या काकांचं.

त्यांचा पाय ट्रॅक्टरखाली गेला त्याला बारा वर्षं झाली होती. नवा पाय मागच्या वर्षी मिळालेला. त्याचा भारी अभिमान. वारासिवनीच्या बाजारात पँट वर करून दाखवायचे, "देख भाऊ, याले मच्छर चावत नाई." बसमध्ये कुणी त्या पायावर पाय दिला की जोरात विव्हळायचे. तो बिचारा माफी मागू लागला की पायावर टकटक करून हसायचे.

घरात मात्र काठी आणि एका पायावर उड्या. यशोदाकाकू कोपऱ्यात तांदूळ निवडत असायच्या. त्यांचे डोळे गेलेले, खडे बोटांनी ओळखायच्या. एकदा काकांनी उंबऱ्यावर आपटून कपाळ फोडून घेतलं. मी रागावले.

"घरात काहून नाई घालत?"

"गटार, शेन, सारं तुडवून येते तो. तुह्या घरी चालते काय?"

मग मी खटपट करून घरात घालायला वेगळा पाय बनवून आणला. मऊ तळव्याचा, जराही आवाज न करणारा. दुसऱ्या दिवशी चपलांच्या रांगेत दोन पाय उभे. दोन्ही उजवे.

"काका!"

"जोडी जमली ना!"

'न वापरण्याचे कारण' या रकान्यात मी लिहिलं: हट्टी स्वभाव.

दिवाळीच्या आधी काका तापाने गेले. तेरवी झाल्यावर मी काकूंकडे गेले. पाऊल वाजताच त्या दचकल्या. "कोन हाय?"

मी नाव सांगितलं. त्या जरा हसल्या.

"शिबिरातून पाय घालून आले तवा मी अशीच वरडली होती. चोर शिरला म्हनून लाटनं फेकलं. डोळे गेले तवापासून मले तं काठी अन् एक पाऊल, इतकेच ते मालूम. तुहा पाय तं वाजेच ना. एकदम खांद्यावर हात पडला. थरथरत होती मी रातभर. मंग म्हने, तू मले वळखत नाईस तं दोन पाय काय कामाचे?"

अहवाल जमा होऊन महिना झाला होता. माझ्याच अक्षरात, हट्टी स्वभाव.

निघताना मी दाराबाहेरचे दोन्ही पाय उचलू लागले, तेव्हा काकू म्हणाल्या, "ते पाय बाहेरच राहू दे वो. कोनी विचारलं तं म्हनता येते, घरीच हायेत."