रहाटाचं चाक आणि दोन सॉफ्टवेअर

एका जंगलात, मुलांनो, बाळकोबा नावाचं अस्वल राहत होतं आणि त्याला चक्क काम येत होतं. हसू नका. जुन्या काळी असे प्राणी असत.

बाळकोबाचा छोटा कारखाना होता. लोखंडाची चाकं कापायची, त्यांना दाते पाडायचे, हा त्याचा धंदा. एका फाल्गुनात जंगलातल्या एकुलत्या एक विहिरीच्या रहाटाचं दातेरी चाक मोडलं. कळपाची थोरली हत्तीण मथुराक्का ते मोडकं चाक सोंडेत धरून कारखान्यात आली.

"बाळकोबा, ओढ्यात आता चिखलच उरलाय. पिल्लं तहानेनं रडतायत. नवं कधी देशील?"

"संध्याकाळपर्यंत देतो, आक्का."

आणि दिलंही असतं. पण तेवढ्यात कोल्हा आला.

कोपऱ्यात एक नवं कोरं यंत्र होतं, संगणकावर चालणारं. बाळकोबानं ते हौसेनं आणलं होतं. पण चाकाचं चित्र काढायला आणि ते कसं कापायचं हे यंत्राला सांगायला त्याला सॉफ्टवेअर लागे. कोल्हा तेच विकत होता, गरुडझेप नावाचं.

"गरुडझेप घ्या. चाक चारी बाजूंनी फिरवून बघता येतं."

"चाक बघायचंय की कापायचंय?" मागून तरस हसलं. तरस नेहमीच हसतं, पण आज ते मुंगीवाट नावाचं दुसरं सॉफ्टवेअर विकायला आलं होतं. "मुंगीवाटेत कापायचं हत्यार जवळच्या रस्त्यानं जातं. लोखंड वाया जात नाही. शिवाय बाजाराचा कल बघा!"

कल म्हटल्याबरोबर सगळं जंगल गोळा झालं. ज्या माकडांनी जन्मात एक स्क्रू पिळला नव्हता, ती कल सांगू लागली. सशाच्या मते गरुडझेप उतरणीला लागलं होतं. रानरेडा म्हणाला, थांबा, पुढच्या मोसमात दोन्ही स्वस्त होतील. ह्या सगळ्याला परिसंवाद असं नाव पडलं. परिसंवाद म्हटला की चहा आलाच. ओढ्यातला चिखल गाळून निघालेलं उरलंसुरलं पाणी त्यात गेलं.

शेवटी पलीकडच्या जंगलात काय वापरतात ते बघायला कावळा पाठवला. तो धापा टाकत परत आला.

"ते थांबलेत. आपण काय घेतो ते बघून ठरवणार म्हणे."

मथुराक्का रोज दाराशी येऊन उभी राही. एका दुपारी तिला बघून बाळकोबानं आपल्या जुन्या, हातानं चालवायच्या यंत्रावरचं फडकं काढलं. तोच कोल्हा कानाशी लागला.

"अहो, एवढा मोठा विषय चालू असताना तुम्ही ही खडखड करत बसणार? लोक मागासलेले म्हणतील!"

बाळकोबाला दुष्काळापेक्षा ह्या शब्दाची भीती जास्त. त्यानं फडकं परत घातलं. मला त्याचा फार राग येतो, मुलांनो, सांगतानासुद्धा येतो.

पाडव्याच्या मुहूर्तावर वाद मिटला. दोन्ही सॉफ्टवेअर घेतली. एकातलं चित्र दुसऱ्यात उघडेना, पण नव्या यंत्रापुढे नारळ मात्र वेळेवर फुटला. त्या दिवशी जंगलात वाहिलेलं पाणी तेवढंच. पिल्लांनी जमीन चाटून काढली.

मग मोठ्या पडद्यावर चाक फिरलं, रहाट फिरला, निळंशार पाणी खळखळलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"हे पाणी बाहेर कधी येणार?" मथुराक्कानं विचारलं.

"पुढच्या आवृत्तीत," कोल्हा म्हणाला.

मथुराक्कानं पिल्लं पुढे घातली आणि कळप जंगल सोडून चालू लागला. त्यांच्या मागोमाग बाकीचेही गेले.

रिकाम्या कारखान्यात बाळकोबा ढसाढसा रडला. मग त्यानं जुन्या यंत्रावरचं फडकं काढलं, मोडकं चाक समोर ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत नवं कापलं. रहाटाला बसवलं. पाणी आलं!

प्यायला कोणीच नव्हतं. कोल्हा आणि तरस तेवढे होते. ते दोघं पोटभर प्याले आणि हे चाक कोणाच्या सॉफ्टवेअरवर झालं, ह्यावरून भांडत बसले.

तात्पर्य : तहान लागल्यावर विहीर खणू नये, परिसंवाद भरवावा. विहिरीवर नुसतं पाणी मिळतं.