वसई विरुद्ध विनिपेग

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर रोज सकाळी सव्वाआठ वाजता विनिपेगचं तापमान लिहिलेलं असतं. पाण्याची वेळ त्याच्या खाली. पाणी कधी चुकतं, विनिपेग चुकत नाही.

विनिपेग कॅनडात आहे. हे सांगायचं कारण असं की बी विंगमध्ये नव्याने आलेल्या एका गृहस्थांनी, हे वालीवच्या पुढे येतं का आणि तिथे जागेचा भाव काय आहे, अशी माझ्याकडे चौकशी केली होती.

लिहिणारे इनासकाका. आमची इमारत त्यांच्याच वाडीच्या एका तुकड्यावर उभी आहे. काकी गेल्यापासून ते तळमजल्यावर एकटे राहतात. मागच्या उरलेल्या पट्टीत राजेळी केळी, बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं, आणि बांबूचा एक मांडव. मी सोसायटीची सेक्रेटरी. टाकी धुण्याची तारीख, लिफ्टवाल्याचा नंबर, कोणाची कुंडी कोणाच्या डोक्यावर पडू शकते, या सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात. बोर्डावर खासगी मजकूर लिहू नये, हा नियम मीच टाइप करून लावला होता. काकांनी तो चष्मा लावून वाचला, त्याच्याच शेजारी तापमान लिहिलं आणि मला म्हणाले, "बाय, हवामान खासगी कसं असेल?"

नियम अजून तिथेच आहे, तापमानाच्या शेजारी.

नुसतं तापमान असतं तरी मी सोडून दिलं असतं. पण पुढे तुलना असते आणि तुलनेचा निकालही. 'वसई : तगर फुलली. विनिपेग : झाडावर पानही नाही. निकाल : वसई.' हा निकाल काका जिन्यात भेटेल त्याला तोंडीही सांगतात. सुरुवात ठरलेली, "बघ, निकाल लागला."

समुद्राचा निकाल पहिल्याच आठवड्यात लागला. विनिपेगला समुद्र नाही. ज्या गावाला बोंबील ठाऊक नाही त्याला गाव कशाला म्हणायचं, असं काकांचं मत. जमीन दोन्हीकडे सपाट, पण आपल्याला निदान तुंगारेश्वरचा डोंगर दिसतो. पूर दोन्हीकडे येतो. इथे मात्र त्यांनी जरा नाराजीने नोंद केली, की तिथला पूर आधी कळवून येतो. डासही दोन्हीकडे. डासांची बातमी कळली त्या दिवशी काकांनी बोर्डावर 'बरोबरी' लिहिलं, तेही अगदी बारीक अक्षरात.

हिवाळ्यात तिथली नदी गोठते आणि लोक तिच्यावरून फिरायला जातात, हे त्यांना कळलं तेव्हा ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. "पाण्यावरून चालणं आमच्या धर्मात एकालाच जमलं होतं, बाय. तिथे सगळी म्युनिसिपालटी चालते. बरं दिसतं का हे?"

त्यांची एकुलती एक मुलगी जेनी तिथे नर्स आहे. गेली तेव्हा पाच वर्षांत परत येते म्हणाली होती. आता सातवं चालू आहे. वाडीकडची खोली काकांनी तिच्यासाठी तशीच ठेवली आहे, आणि त्या खोलीत पाहुण्यालाही झोपू देत नाहीत. सकाळी आठला ते तिला व्हिडिओ कॉल लावतात. तेव्हा तिच्याकडे आदल्या दिवसाची रात्र असते. याचाही निकाल लागलेला आहे. "तिथे अजून कालच चाललाय. मागासलेला प्रांत."

पाऊस संपला आणि काकांचं सुकेळीचं काम सुरू झालं. पिकलेली राजेळी सोलायची, मांडवावर उन्हात ओळीने मांडायची, रोज उलटायची, दव पडायच्या आत घरात घ्यायची. आठवडाभराने मधासारखी झाली की सुक्या पानात बांधायची. मी घाटावरची. हा पदार्थ मला इथे येऊन कळला, आणि पहिल्यांदा मी तो नासलेला समजून कचऱ्यात टाकला होता. काकांनी ते मला माफ केलेलं नाही.

त्याच दिवसांत जेनीने फोनवर सांगितलं, की तिकडे एक घर बघितलंय, घेऊ का? हे मला काकांनीच सांगितलं. हो म्हणावं तर मुलगी कायमची गेली, नाही म्हणावं तर ती खरंच थांबली असती, हे दोन्ही त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी तिसरंच सांगितलं. "मी म्हटलं, ज्या गावात सुकेळी सुकत नाही तिथे माणसाने घर करू नये. निकाल लागला."

ते निर्धास्त झाले. उणे वीसमध्ये कोण केळी सुकवतंय?

पण जेनी त्यांचीच मुलगी. तिने याला परीक्षाच मानलं. नाताळला तिच्याच हॉस्पिटलातली, इथल्या माणिकपूरची एक नर्स सुट्टीवर आली, तिच्याबरोबर पुडकं आलं. तिकडच्या बाजारातली केळी, घर गरम ठेवणाऱ्या यंत्राची जमिनीत जाळी असते तिच्यावर सुकवलेली. केळीचं पान नाही म्हणून पांढऱ्या कागदात बांधलेली. गाठ मात्र काका मारतात तीच.

काकांनी पुडकं उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मला बोलावलं. "तू घाटावरची. तुला बाजू नाही. परीक्षक हो."

फोन टेबलावर उभा केला. पडद्यावर जेनी, अंगात दोन स्वेटर. तिने नमस्कार केला, पण डोळे बापाच्या हातावर. काकांनी गाठ सोडली, एक सुकेळी निवडली, वास घेतला, तुकडा तोडला. अर्धा मला दिला.

मी प्रामाणिकपणे सांगते. चपलेचा तळ चावल्यासारखं लागलं. चवीला केळ्याची दूरची ओळख, तेवढीच.

काका बराच वेळ चावत राहिले. पर्याय नव्हताच. मग ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "आपल्यापेक्षा गोड झालीय."

"खरं सांगा, बाबा," जेनी म्हणाली.

"उन्हाशिवाय एवढी होते म्हणजे हवा चांगली असणार तिथली. घे तू घर." आणि माझ्याकडे न बघता, "विचार परीक्षकांना."

सभेच्या इतिवृत्तात मी आजवर एक शब्द खोटा लिहिलेला नाही. "उत्तम," मी म्हणाले. "जरा कडक, पण उत्तम."

जेनी रडायला लागली. काकांनी तिला रेंज नाही असं सांगून फोन ठेवला.

सव्वाआठला बोर्डावर आलं, 'निकाल : विनिपेग.' अक्षर नेहमीचंच. जिन्यात मात्र ते कोणाला काही बोलले नाहीत. बी विंगच्या गृहस्थांनी मला, विनिपेगला भाव वाढणार का, असं विचारलं. मी म्हटलं, वाढला.

दुपारी टाकीची यादी घेऊन गच्चीवर गेले आणि खाली वाडीत नजर गेली. मांडवावर काकांच्या सुकेळींची ओळ होती. तिच्या शेजारी, जास्त ऊन पडतं त्या बाजूला, जेनीची काळपट केळी हातभर अंतर सोडून मांडलेली. काका एकेक उलटत होते. मला पाहून वरमले.

"थंडी खाऊन आलीत गं," ते खालून म्हणाले. "आठ दिवस ऊन दाखवतो. मऊ पडतील."

मी यादीवर खूण करायला पेन काढलं होतं, ते तसंच राहिलं. संध्याकाळी दव पडायच्या आत काकांनी सगळी उचलली. त्यांची स्वयंपाकघरात गेली. जेनीची सुपात घेऊन ते वाडीकडच्या खोलीत गेले, आणि तिथला दिवा लागला.