डेस्कटॉप-सरदार स्वगृही आले त्याची हकिकत

स्वस्तिश्री. वहिनीसाहेबांच्या संगणकावर जो प्रलय गुदरला आणि मग जी फत्ते जाहली, तिची हकिकत पुढील पिढ्यांस, विशेषेकरून दिसेल ते बटण दाबण्याची खोड ज्यांस आहे त्यांस, कळावी म्हणोन जैसे घडले तैसे, तिखटमीठ बेताचेच लावून, लिहिली असे.

वहिनीसाहेब लोकांच्या स्वयंपाकघरांचे नकाशे करणाऱ्या. ओटा कोठे, कपाट कोठे, सिंक कोठे या विद्येत मोठ्या मातबर. नोकरी सोडोन स्वतंत्र अंमल बसवावा ऐसा मनसुबा, आणि पहिलीच मोहीम निवृत्त मुख्याध्यापिका बाईंच्या स्वयंपाकघराची. बाई महाकठीण. दोन नकाशे नापसंत करोन त्यांनी निर्वाणीचा खलिता फोनवर धाडिला, की तिसरा नकाशा आज चहाचे वेळी घरी येऊन पाहू, न पटल्यास काम दुसऱ्यास देऊ. तो तिसरा नकाशा डेस्कटॉपावर होता, आणि अन्यत्र कोठेही नव्हता.

त्याच संगणकात फायली साठविणारे एक मेघ-कोठार, म्हणजे क्लाउडचे, सॉफ्टवेअर ठाण मांडोन होते. त्याने डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या तिन्ही खाशा फोल्डर-सरदारांस गोड बोलोन आपल्या छावणीत राहावयास नेले आणि त्यांचे पत्तेही आपल्याकडचे करोन घेतले. मेघातली जागा मात्र केव्हाच भरली, सबब नवी फाइल वर चढत नसे. वर रोज सकाळी "तुमच्या सोनेरी आठवणी" म्हणोन मंद पियानो वाजवीत, वहिनीसाहेबांनी कामानिमित्त काढिलेली तुंबलेल्या पाइपांची छायाचित्रे एकामागून एक दाखवी. हे धाकटे भाऊजी, किताब 'सर्वज्ञ', यांस सहन होईना. मग त्यांनी वहिनीसाहेब न्हाणीघरात असता, कोणाची मसलत न घेता, सॉफ्टवेअर समूळ उखडिले, आणि गनिमाची नामोनिशाणी नको म्हणोन त्याचे मागे राहिलेले फोल्डरही डिलीट केले. यंत्राने "नक्की का?" ऐसे दोनदा पुसिले. भाऊजींनी न वाचता दोनदा "होय" म्हणोन शर्थ केली.

वहिनीसाहेब केस पुसत बाहेर येतात, तो संगणकाचा पडदा धुतल्या तांदळासारखा.

"बघा वहिनी, कसं चकाचक!"

"भाऊजी, माझं स्वयंपाकघर कुठंय?"

"आत आहे की. आई दूध तापवतेय तिथं."

"ते नाही हो! बाईंचं!"

भाऊजींनी घाईघाईने डॉक्युमेंट्स उघडू पाहिले, तो "हे ठिकाण उपलब्ध नाही" ऐसे कोरडे उत्तर आले. सरदार नावापुरते हजर, परंतु ज्या पत्त्यावर त्यांचा मुक्काम तो पत्ताच भाऊजींनी झाडोन काढिला, ऐसा बिकट मामला. वहिनीसाहेब मटकन खुर्चीत बैसल्या, आणि भाऊजी टेबलाखाली शिरोन तारा तपासू लागले, ज्यांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता.

आता आशा एकच, रिसायकल बिन. परंतु प्रत्येक मोहिमेअंती बिन रिकामा करावा आणि मगच अन्नास शिवावे, ऐसा भाऊजींचा बाणा सर्वश्रुत.

"रिकामा केलात?" वहिनीसाहेबांनी टेबलाखाली वाकोन विचारिले.

"करणारच होतो. आई ओरडते म्हणून राहिलो."

याचा खुलासा ऐसा, की सासूबाईसाहेब आपले विणकामाचे नमुने रिसायकल बिनातच ठेवीत. तेथे कोणी हात घालीत नाही, सबब त्याहून सुरक्षित जागा नाही, ऐसा त्यांचा सिद्धांत. आणि बिन रिकामा करील त्यास जेवण बंद, ऐसे त्यांचे फर्मान. त्या दूध उतरवोन आल्या आणि म्हणाल्या, "काय हवंय ते काढा, पण माझे मोजे विस्कटू नका."

मग मोज्यांच्या नमुन्यांखालोन फोल्डर बाहेर काढिले, रिस्टोर केले, आणि नकाशा सहीसलामत दिसू लागला. भाऊजी टेबलाखालोन निघोन "झालं ना? उगाच घाबरता!" ऐसे वदले. त्यास वहिनीसाहेबांनी सुनाविले, की सरदार अजून उखडलेल्या छावणीच्याच पत्त्यावर आहेत. उद्या पुन्हा कोणास साफसफाईचा झटका आला तर पुन्हा हेच. मग डेस्कटॉपावर उजवी क्लिक करोन, प्रॉपर्टीजमध्ये शिरोन, लोकेशनच्या टॅबात जुना घरचा पत्ता लिहावा ऐसे ठरले. भाऊजींनी मागील पाप धुवावे म्हणोन कीबोर्ड ओढोन घेतला, आणि डेस्कटॉप व पिक्चर्स दोघांस एकच पत्ता देऊ लागले.

"थांबा! दोघांची चूल एक केलीत तर पुन्हा वेगळी कोण करणार? तुम्ही?"

भाऊजींची बोटे हवेतच राहिली. मग वहिनीसाहेबांनी स्वहस्ते प्रत्येकाचा पत्ता निराळा लिहिला, यंत्राने "सर्व फायली नव्या ठिकाणी हलवू का?" म्हणोन पुसिले, त्यांनी ते पुरते वाचोन "होय" म्हटले, आणि फायलींचे कूच जाहले.

इतक्यात दाराची बेल वाजली. मुख्याध्यापिका बाईंची स्वारी दारात, आणि नकाशासकट कूच "काही सेकंद बाकी" म्हणोन जे अडले ते हलेना. सासूबाईसाहेबांनी तत्काळ आघाडी सांभाळिली. चहा मुद्दाम मंद आचेवर ठेविला आणि बाईंस पायाचे माप पुसोन, मोज्याची टाच कशी वळवावी, तेथे टाके का गळतात, ऐसे समग्र निरूपण मांडिले. बाई दोनदा उठावयास गेल्या, दोनदा लोकरीत गुंतोन बैसल्या. तिकडे भाऊजी पडद्यास हात जोडोन "चल रे बाबा" म्हणत होते, आणि बाई तिसऱ्यांदा उठल्या तो शेवटली फाइल घरात शिरली.

नकाशा उघडिला. बाई चष्मा सावरोन पाहत राहिल्या.

"कपाटाचं दार सिंकवर आपटेल का?"

"नाही बाई. दोन्ही दारं भिंतीकडे उघडतात."

"आणि वरच्या फळीला माझा हात पुरतो?"

"तुमच्या उंचीनंच लावलीय."

बाईंनी पर्समधोन लाल पेन काढिले. भाऊजींनी डोळे मिटले. मग मुख्याध्यापिका बाई अनेक वर्षांच्या सवयीने पुढे वाकल्या आणि पडद्याच्या काचेवरच ठसठशीत 'बरोबर'ची खूण करोन म्हणाल्या, "सोमवारी सुतार पाठवा."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. तिन्ही सरदार आपापल्या घरी रुजू जाहले, बिन सासूबाईसाहेबांस वंशपरंपरेने इनाम दिला, आणि भाऊजींस डावी क्लिक ठेवोन उजवी जप्त केली. पडद्यावरील लाल खूण पुसावयाची नाही ऐसा वहिनीसाहेबांचा हुकूम. तिच्याखालचे अक्षर वाचावयाचे असल्यास वाचणाऱ्याने मान वाकडी करावी, जाणिजे.