सहा नंबरचा डबा

यादीतलं चौथं काम 'फाईल काढणे' हे होतं, वेळ साडेनऊ. साडेनऊला दोन मिनिटं कमी असताना रुपल स्वयंपाकघरातल्या फळीसमोर येऊन उभी राहिली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.  सहा नंबरचा डबा जागेवर नव्हता. फळीवर आता फक्त आईचा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता.

यंदा बारावी झालेल्या रुपलला डहाणूच्या त्या किनाऱ्यावर सगळे ओळखत ते तिच्या याद्यांमुळे. बाबा बोटीवर निघाले की त्यांच्या पिशवीत यादी. आई, म्हणजे निर्मला, सुके मासे घेऊन आठवडी बाजाराला निघाली की तिच्या बटव्यात यादी. घरातल्या प्रत्येक डब्याला नंबर होता आणि नंबरांची वेगळी वही होती. धाकटी नयन मात्र दहावीत जाऊनही कुठल्याच यादीत बसत नव्हती. ती आंघोळीला निघे, वाटेत शेजारणीचं मांजर भेटे, आणि आंघोळ संध्याकाळवर जाई.

आज दुपारी तीनपर्यंत डहाणूतल्या नर्सिंग कॉलेजात मूळ कागदपत्रं दाखवायची होती. तीनला खिडकी बंद. नाही दाखवली तर रुपलची जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलीला मिळणार होती, आणि ही मुलगी कोण आहे, तिला किती टक्के आहेत, हेसुद्धा रुपलने वहीत लिहून ठेवलं होतं.

आता कागदपत्रं डब्यात कशाला, असं कुणीही विचारील. समुद्राकाठच्या घरात कागदाला दमट हवा लागते, उंदीर लागतो, आणि या घरात तर नयनही लागायची. मागच्या महिन्यात तिने रुपलच्या दहावीच्या गुणपत्रिकेने वारा घालून चूल पेटवली होती. तेव्हापासून रुपलने सगळी मूळ कागदपत्रं एकात एक अशा दोन प्लॅस्टिकच्या फायलींत घालून, गुंडाळून, घट्ट झाकणाच्या नव्या डब्याच्या तळाशी ठेवली होती. वर गळ्यापर्यंत जवळा भरला होता. बारीक सुकटीच्या त्या वासात नाक घालून कोणी कागद शोधणार नाही, हा तिचा हिशोब. डब्यावर चिठ्ठी होती, '६ – जवळा – घरचा'. घरात कोणालाही तिने हे सांगितलं नव्हतं.

नयन अंथरुणात होती. पहाटे आईचे डबे बाजाराच्या टेम्पोत चढवून ती परत येऊन झोपली होती.

"किती डबे चढवलेस?"

"सहा."

"मी पाच सांगितले होते."

"टेम्पोत जागा होती ना. सहावा एकटाच काय करेल इथं, म्हणून दिला."

आईला फोन लावावा म्हणून रुपलने आपला मोबाईल उचलला आणि फळीवरचाच फोन वाजायला लागला. 'आईचा फोन चार्जिंगला लावणे, ५.३०' हे काम आजच्या यादीत पहिलंच होतं. ते तिने वेळेवर केलं होतं आणि आई फोनशिवाय तलासरीच्या बाजाराला गेली होती.

रुपलने एसटीचं वेळापत्रक काढलं. दहाची गाडी होती; नयनला उठवून ती स्टँडवर गेली, पण गाडी आली नाही. साडेदहाची कधी येते ते स्टँडवरच्या माणसालाही सांगता येईना. रुपल घड्याळ, वेळापत्रक आणि रस्ता यांच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. नयनने रस्त्याच्या मधोमध जाऊन हात केला आणि चिकूचे क्रेट भरलेला एक टेम्पो थांबवला. घोलवडचा उमेश चालवत होता, तलासरीला हायवेवर माल उतरवायला निघाला होता. नयन त्याला ओळखत नव्हती. पाच मिनिटांत ती त्याच्या मुलीचं नाव, तिची शाळा आणि तिला झालेला कांजण्यांचा त्रास हे सगळं जाणत होती. रुपल मांडीवर यादी धरून बसली होती. पाचवं काम खोडता येत नव्हतं, कारण चौथं व्हायचं होतं.

बाजारात पोचेपर्यंत बारा वाजत आले. पावसाला आठवडाभर उरला होता, त्यामुळे सुक्या माशांवर नुसती झुंबड होती. पाड्यापाड्यांवरून आलेले लोक चार महिन्यांची बेगमी करत होते. निर्मलाच्या पुढ्यात दोन डबे शिल्लक होते, त्यांत सहावा नव्हता.

"तो नवा? तो सोनूबाईनं नेला. डबा आवडला तिला, डब्यासकट दे बोलली. दिला."

रुपलने काय झालं ते सांगितलं. निर्मलाच्या हातातला बोंबलांचा जुडगा तसाच राहिला. सोनूबाई तिची दहा वर्षांची गिऱ्हाईक, तीन किलोमीटरवरच्या पाड्यावर राहणारी. घर फक्त निर्मलाला माहीत. तिने शेजारच्या जिवलीला आपला माल बघायला सांगितला, पाटीत बोंबलांचे दोन जुडगे टाकले, आणि पाटीसकट टेम्पोत चढली. उमेशचा माल वाटेतच हायवेवर उतरला होता. नयनने त्याला नुसतं, "काका, जरा तिकडून," एवढं म्हटलं आणि त्याने गाडी वळवली. हे असं कसं होतं ते रुपलला आजवर कळलेलं नाही.

सोनूबाई ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत होती. डबा तिने माळ्यावर चढवला होता, आणि तो खाली काढायला ती मुळीच तयार होईना. बाजारात भाव दुपारनंतर चढतो आणि विकणाऱ्याला पश्चात्ताप होतो, हे तिने आयुष्यभर पाहिलं होतं.

"पैशे दिले मी. विकलेला माल परत मागाया येतं का कोण?"

रुपल तिला प्रवेशप्रक्रिया पहिल्या टप्प्यापासून समजावून सांगू लागली. एक वाजून गेला. सोनूबाईचा हात सुपावर चालूच होता. शेवटी नयन तिच्या शेजारी बसली, सुपातले खडे वेचता वेचता म्हणाली, "आजी, तुमच्या जवळ्याखाली माझ्या बहिणीची बारावी पडलीय."

सोनूबाई थांबली. तिने रुपलकडे निरखून पाहिलं, मग नातवाला हाक मारून डबा उतरवायला सांगितला. अंगणात धुतलेलं लुगडं पसरलं गेलं, त्यावर डबा पालथा केला. जवळा पडला, आणि त्यामागून फाईल बाहेर आली. रुपलचा जीव भांड्यात पडला, पण तो तिथे फार वेळ राहिला नाही. सोनूबाई फाईलकडे बघतच नव्हती. ती लुगड्यावरच्या ढिगाकडे बघत होती, आणि तो ढीग डब्याच्या मानाने निम्माच होता.

"निर्मला," ती म्हणाली, "अर्धा डबा कागूद विकलास मला?"

निर्मलाचा चेहरा उतरला. भरल्या डब्याचे पैसे तिने घेतले होते आणि दहा वर्षांत तिच्या मापाला कोणी बोट लावलं नव्हतं. आता शेजारपाजारच्या दोघीतिघी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. पुढच्या बाजाराला ही गोष्ट सगळ्या तलासरीत फिरणार होती. रुपल फाईल छातीशी धरून उभी होती आणि तिला, घड्याळात दीड वाजलेला असतानाही, पहिल्यांदाच वेळेखेरीज दुसऱ्या कशाची तरी भीती वाटली. हे तिच्या नीटनेटकेपणाने केलं होतं, नयनने नाही.

"आजी, आईला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मी लपवलं. चूक माझी."

निर्मलाने पाटीतले दोन्ही जुडगे ढिगावर ठेवले आणि पुढच्या बाजाराला डबा गळ्यापर्यंत भरून द्यायचं कबूल केलं. सोनूबाईने बोंबलांचा वास घेतला, एक मोडून पाहिला, आणि मग तिघींना चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही असं जाहीर केलं. रुपलच्या यादीत चहा नव्हता. तिने तो उभ्याने, जीभ भाजून घेत प्यायला.

परतीच्या रस्त्यावर वाद झाला. आईला बाजारात उतरवायचं तर आठ मिनिटं जास्त लागत होती, तरी रुपल उतरवायचंच म्हणत होती. जिवली एकटी आहे, माल उघड्यावर आहे, आईचं तिकडे काही काम नाही, अशी तीन कारणं तिने ओळीने सांगितली. नयनकडे एकही कारण नव्हतं.

"असू दे ना. आलीच आहे तर गेटवर तिघींचा फोटो काढू."

"फोटोला वेळ नाही."

"मग सरळच जाऊ. आठ मिनिटं वाचतील. काका, सरळ."

 निर्मला दोघींच्या मध्ये पाटी मांडीवर घेऊन बसली होती.

पावणेतीनला टेम्पो कॉलेजच्या गेटशी थांबला. निर्मला आत यायला तयार नव्हती, पाटीचा वास येतो म्हणाली. नयनने पाटी घेतली आणि वॉचमनच्या खुर्चीखाली सरकवून टाकली. खिडकीशी रुपलच्या पुढे चार मुली होत्या. तिने फाईल उघडली तशी त्या एकेक करून बाजूला झाल्या आणि तिचा नंबर लागला.

क्लार्कने रुमाल नाकाला लावून एकेक कागद तपासला. बारावी, दहावी, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला. प्रत्येकातून थोडा थोडा जवळा टेबलावर पडत होता. सगळं बरोबर होतं. मग तो हमीपत्रावर येऊन थांबला.

"ही पालकांची सही कधीची?"

"बाबांची आहे, सर. ते बोटीवर जातात म्हणून मी आठ दिवस आधीच घेऊन ठेवली."

"सही माझ्यासमोर व्हायला पाहिजे. पालक कुठे आहेत?"

तीनला चार मिनिटं होती. रुपलने मागे पाहिलं. निर्मला भिंतीला चिकटून, पदराने हात पुसत उभी होती. नयनने तिला दंडाला धरून पुढे आणलं. क्लार्कने हमीपत्र पुढे केलं तेव्हा त्याखालून, कागदांबरोबर पुढे गेलेली रुपलची आजची यादी घसरून टेबलावर आली.

निर्मला सातवीपर्यंत शिकलेली होती. तिने यादीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. नववं काम होतं, 'आई बाजारात, तीनपर्यंत कॉलेजला येणार नाही'. ही एकच गोष्ट अशी होती की जिच्यापुढे रुपलने आदल्या दिवशीच बरोबरची खूण करून टाकली होती.

रुपलला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. हे वाक्य तिने का लिहिलं होतं ते तिला माहीत होतं, आणि आता आईलाही कळलं होतं. 

निर्मलाने आधी हमीपत्रावर सही केली. अक्षरं एकेक करून, न थांबता. मग त्याच पेनने तिने नवव्या कामापुढची खूण खोडली.

"हे तेवढं झालं नाही बघ तुझं," ती म्हणाली आणि यादी घडी घालून रुपलच्या हातात दिली.

क्लार्कने शिक्का मारला, खिडकी ओढून घेतली, आणि फटीतून विचारलं, "बाई, कुठल्या बाजारात बसता?"

गेटवर नयनने हात लांब करून तिघींचा फोटो काढला. रुपलने पाटी मागवून घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवून मध्ये उभी राहिली. एवढ्या घाईत नयनचं बोट कॅमेऱ्यापुढे आलं, त्यामुळे फोटोत आई आणि पाटी तेवढी स्पष्ट दिसतात.