सरांच्या मिसेस करमाळ्याला असतात

जोतीराम सरांचा एक सिद्धान्त होता आणि तो ते स्टाफरूममध्ये चहाबरोबर सगळ्यांना पाजायचे. मास्तरानं आपलं घर वर्गात न्यायचं नाही!

"मला बघा," ते म्हणायचे, "नववी ब मधल्या एकाही पोराला माझा रक्तगटसुद्धा माहीत नाही!"

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्या शाळेत कुणालाच त्यांचा रक्तगट जाणून घ्यायची हौस नव्हती, हा भाग वेगळा.

टोला असायचा अमिना मॅडमना. मॅडम विज्ञान शिकवायच्या. पचनसंस्थेची सुरुवात स्वतःच्या ॲसिडिटीपासून, आणि सांध्यांचा धडा म्हणजे सासूबाईंचे गुडघे! मॅडमच्या फ्रिजमध्ये आज काय उरलंय, तेही पोरांना पाठ. आणि गंमत म्हणजे त्यांच्या विषयात कुणी नापास होत नसे. सरांना याचा फार राग यायचा.

पण सिद्धान्तामागचं खरं कारण हा राग नव्हतं. चैत्रात सरांची बायको गेली. कावीळ अंगावर काढली आणि संपलंच सगळं. संस्थेकडून बदली मागून सर जूनमध्ये या शाळेत आले. ती नाही हे हेडमास्तरांना माहीत होतं, अमिना मॅडमना माहीत होतं, घरमालकाला माहीत होतं. नववी ब ला तेवढं माहीत नव्हतं. त्या वर्गात पाऊल टाकलं की तास संपेपर्यंत सर विधुर नसायचे. एवढी एकच जागा त्यांना उरली होती.

घोटाळा केला तो शर्टाच्या बटणानं.

"सर, बटण तुटलंय की तुमचं!" सृष्टी ओरडली. ही वर्गाची मॉनिटर. हिच्या नजरेतून मुंगीसुद्धा विनापरवाना जात नसे.

"असू दे. घरी कोणी नाही."

"काकू कुटं गेल्यात?"

इथं सरांनी नेहमीसारखं 'गप बस' म्हणायचं की नाही? पण तोंडातून निघालं, "माहेरी. करमाळ्याला."

"कधी येणार?"

"येतील की दिवाळीला!"

झालं! खोटं बोलणाऱ्या माणसाला तपशिलाची चटक लागते, तशी सरांना लागली. काकूंच्या आईचे पाय दुखतात. घर कमळाभवानीच्या देवळाच्या वाटेवर आहे. दारात चिंच आहे. रोज कुणीतरी विचारायचं, "सर, काकू कधी येणार?" सर "बघू" म्हणायचे, आणि त्या दिवशी घरी जाताना मेथीची एक जुडी जास्त घ्यायचे. निवडणार कोण, हा विचार घरी पोचल्यावर यायचा.

"सांगून टाका ना सर मुलांना," अमिना मॅडम म्हणाल्या. "कधीतरी अंगाशी येईल हे."

"माझा सिद्धान्त आहे, मॅडम!"

दिवाळी गेली. काकू आल्या नाहीत. संक्रांत आली, गड्ड्याची जत्रा भरली, पाळणे फिरले आणि उठलेही. तरी काकू नाहीतच! मग मात्र सृष्टीनं निकाल दिला.

"गड्ड्याला न्हाय आल्या म्हणजे भांडण झालंय. रुसून बसल्यात."

सोलापुरात नांदणारी बाई गड्ड्याला माहेरी बसून राहील? वर्गाला पटलं. सृष्टीच्या आईला तर त्याहून पटलं. सृष्टीचे वडील बिरप्पा टेम्पो चालवायचे, करमाळ्याच्या बाजारात त्यांची खेप असायचीच.

"सर शिकल्याले हायत," बिरप्पा म्हणाले, "पर रुसल्याली बायको आणाय चार माणसं जावी लागत्यात. त्येंच्या बाजूनं हितं कोन हाय? आपुनच जाऊ की!"

सृष्टीच्या आईनं ओटीसाठी नारळ, खण आणि तांदूळ बांधून दिले. रविवारी नववी ब ची पोरं मागं बसवून टेम्पो निघाला.

दुपारी अमिना मॅडमचा फोन आला. "सर, तुमचा वर्ग करमाळ्याला गेलाय! तुमच्या मिसेसना आणायला!"

सरांच्या हातातली मेथी खाली पडली. त्यांनी सासूबाईंना फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. उचलेना! लेक जाऊन वर्षही झालं नाही आणि त्या माउलीच्या दारात पोरं ओटी घेऊन उभी राहणार! सरांना रडू यायला लागलं, आणि त्यात स्वतःचा इतका राग आला की रडताही येईना.

दिवेलागणीला टेम्पो दारात थांबला. आधी सृष्टी उतरली, मान खाली घालून. तिच्या आधारानं गोजाबाई उतरल्या, सरांच्या सासूबाई. पदरात नारळ.

"आई, चुकलं माझं," सर कसेबसे म्हणाले.

"काय चुकलं?" गोजाबाई पायरीवर टेकल्या. "शेजारी नवी भाडेकरीन आलीया. तिला मी सांगितलंय, माझी लेक सोलापुरात आसती, लई कामात आसती, म्हणून येणं व्हत न्हाय. रोज इचारती ती. मलाबी बरं वाटतंय."

सर त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. बिरप्पांनी उगाचच टेम्पोचं टायर तपासलं.

गोजाबाई आठवडाभर राहिल्या. मेथी निवडली, सगळ्या शर्टांची बटणं लावली आणि परत गेल्या.

त्या आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, सर वर्गात आले ते मन घट्ट करून. "मुलांनो, एक सांगायचंय."

"म्हाईत हाय, सर," सृष्टी हळूच म्हणाली.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तुमी लग्नात घोड्यावरनं पडला हुता व्हय?"

करमाळा ते सोलापूर हे अंतर काही थोडं नाही, आणि गोजाबाईंनी त्यातला एकही मैल फुकट घालवला नव्हता! सर इंजेक्शनला घाबरतात, वीज कडाडली की गोधडीत शिरतात, बायकोच्या मागं मागं स्वयंपाकघरात फिरायचे, सगळं नववी ब मध्ये पोचलं होतं. पोरं हसली. सरही हसले, आणि बराच वेळ फळ्याकडे तोंड करून उभे राहिले.

तेव्हापासून पोरं काहीही विचारतात. फक्त 'काकू कधी येणार' हे कुणी विचारत नाही. सर अधूनमधून शर्टाचं एक बटण मुद्दाम तोडून वर्गात जातात, तो प्रश्न पुन्हा येतो का बघायला. पोरं बघतात आणि वही उघडतात. विचारण्यासारखं राहिलंय काय? आता त्यांना सगळं माहीत आहे, अगदी रक्तगटसुद्धा!